कार्यालय नसलेली संस्था : मराठी अनियतकालिकांची वाटचाल

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे स्थापनेची तारीख, पहिले अध्यक्ष, देणगीदारांची नावे, इमारतीची कोनशिला असा क्रम ठरलेला असतो. इथे ज्या संस्थेचा इतिहास मांडायचा आहे तिला यातले काहीच नव्हते. ना घटना, ना कार्यकारिणी, ना कार्यालय. एखाद्याची भाड्याची खोली, इराण्याच्या हॉटेलातले एखादे टेबल आणि पोस्टाची पेटी एवढ्यावर ती चालली. ज्यांना आपण अनियतकालिके म्हणतो, त्या पातळशा, वेळीअवेळी निघणाऱ्या, बऱ्याचदा हातोहात वाटल्या जाणाऱ्या अंकांची ही संस्था. मराठी कवितेला, आणि कवितेच्या आडून मराठी चित्रकलेला, तिने गेल्या सत्तर वर्षांत जेवढे दिले तेवढे मोठ्या अनुदानांवर चालणाऱ्या संस्थांनीही दिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

देवरूखच्या स्मरणिकेत हा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या गावात आज कला आणि डिझाइन शिकवणारे महाविद्यालय आहे, लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे, आणि आजूबाजूच्या प्रत्येक वाडीत नमन आणि जाखडी या लोककला आहेत. चित्र आहे, गाणे आहे. या दोन्हींविषयी लिहिणारे, आणि ज्याला हवे त्याला विनामूल्य मिळणारे एखादे पत्र मात्र नाही. ते काढायचे मनात असणाऱ्यांनी आपल्या आधी हे काम कोणी आणि कसे केले ते नीट पाहावे, म्हणून हा लेख.

या इतिहासाची सुरुवात सगळे मुंबईपासून धरतात. मला ती जळगावपासून धरावीशी वाटते. १८८७ साली नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावातून ‘काव्यरत्नावली’ सुरू केले. नुसत्या कवितेला वाहिलेले मासिक, तेही पुण्या-मुंबईबाहेरून, आणि ते दहा-वीस नव्हे तर चाळीसहून अधिक वर्षे चालले. आपल्या जिल्ह्यातल्या मालगुंडच्या केशवसुतांचे उदाहरण घ्या. १९०५ साली ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. हरि नारायण आपट्यांनी तो काढला १९१७ मध्ये. तोवर आधुनिक मराठी कवितेचा हा आद्य कवी ‘काव्यरत्नावली’, ‘करमणूक’, ‘मनोरंजन’ यांसारख्या नियतकालिकांच्या पानांवरच जगला. मासिके नसती तर केशवसुत वहीतच राहिले असते.

दुसरा टप्पा बडोद्याचा. १९४३ मध्ये पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी तिथून ‘अभिरुची’ काढले. नवसाहित्याच्या ऐन बहरात मराठी मुलखाबाहेरच्या एका संस्थानी शहरातून निघणारे हे मासिक मुंबईकरांना दखल घ्यायला लावत होते. त्यांच्या घरात १९३८ साली जन्मलेला मुलगा दिलीप हा मुद्रिते आणि शाईच्या वासातच वाढला. पुढे वडिलांसारखे मासिक न काढता त्याने त्याहून साध्या साधनाला हात घातला.

ते साधन म्हणजे सायक्लोस्टाइल यंत्र. ज्या १९५४ साली इंदिराबाई हळबे यांनी देवरूखात मातृमंदिराचे काम उभे केले, त्याच सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ही विशीच्या आतबाहेरची मुले ‘शब्द’ नावाचा अंक काढण्याच्या खटपटीत होती. तेव्हा मराठीत ‘सत्यकथा’ मासिकाचा शब्द अखेरचा होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या साक्षेपी संपादनाविषयी आदर बाळगूनही हे मान्य करावे लागते की एकाच दारातून सगळ्यांनी आत जावे, अशी स्थिती कुठल्याही भाषेला मानवत नाही. ‘शब्द’ १९६० पर्यंत अधूनमधून निघत राहिले. प्रती थोड्या, वाचक त्याहून थोडे. पण कोलटकर आणि चित्रे या दोघांची सुरुवातीची कविता या अंकांतून पुढे आली.

सायक्लोस्टाइलविषयी इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आजच्या मुलांनी ते यंत्र पाहिलेले नाही आणि त्याच्याशिवाय हा इतिहास कळायचा नाही. मेणाचा थर दिलेला पातळ स्टेन्सिल कागद घ्यायचा. टंकलेखन यंत्राची रिबन बाजूला सारून त्यावर टाइप केले की अक्षराच्या आकाराने मेण कापले जाई. मराठी टाइपरायटर सहजी मिळत नसे, तेव्हा बोथट टोकाच्या लोखंडी लेखणीने हातानेच लिहायचे. हात जड पडला तर कागद फाटे, हलका पडला तर अक्षर उमटत नसे. चुकले तर नेलपॉलिशसारखे लाल द्रावण लावून, ते वाळेपर्यंत फुंकर घालत बसायचे. मग स्टेन्सिल गोल ड्रमवर चढवायचे, ट्यूबमधली दाट काळी शाई आत पसरायची आणि मूठ फिरवायची. पहिले काही कागद फिकट येत, मधले चांगले, आणि काही शे प्रती झाल्या की बंदिस्त वळणाच्या अक्षरांची पोटे गळून पडायला लागत. कागद खरबरीत, शाई मागच्या पानावर उमटलेली. अशा प्रती आज कुणाच्या संग्रहात दिसल्या तर पिवळ्या, ठिसूळ झालेल्या असतात.

पण या गरीब यंत्राचा एक गुण छापखान्याकडे नव्हता. खिळ्यांच्या छपाईत चित्र घालायचे तर जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे, आणि त्याचे पैसे चौरस इंचावर मोजावे लागत. त्यामुळे मासिकांतून चित्र म्हटले की मुखपृष्ठ, फार तर कथेच्या माथ्यावर एक रेखाटन. स्टेन्सिलवर मात्र ज्या लेखणीने कविता लिहायची तिनेच रेघ ओढायची. चित्राला वेगळा पैसा नाही, वेगळा कारागीर नाही. कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला आणि जाहिरातकलेत नाव काढलेला माणूस. चित्रेही चित्रे काढत. कविता आणि रेषा एकाच पानावर, एकाच हाताने उमटणे या मंडळींना स्वाभाविक वाटले त्यामागे त्यांची वृत्ती होतीच, पण हे यंत्रही होते. नवी चित्रकला आणि नवी कविता यांची मराठीत गाठ पडली ती मला वाटते इथे, स्टेन्सिलच्या मेणावर.

साठीच्या दशकात या एका अंकाचे पुष्कळ अंक झाले. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांनी ‘मनोहर’ मासिकात ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण’ हा लेख लिहून प्रस्थापित मराठी साहित्याची झाडाझडती घेतली आणि त्याच सुमाराला ‘असो’ हे अनियतकालिक सुरू केले. पाठोपाठ ‘आत्ता’, ‘येरू’, ‘फक्त’, ‘भारुड’, ‘टिंब’ असे अंक निघाले. औरंगाबादेत भालचंद्र नेमाड्यांचे ‘वाचा’ सुरू झाले. लेखकाचा लेखकराव का होतो हा त्यांचा गाजलेला लेख याच ‘वाचा’तला. सतीश काळसेकर, वसंत दत्तात्रेय गुर्जर, तुळशी परब, मनोहर ओक, चंद्रकांत खोत, राजा ढाले, नामदेव ढसाळ अशी एक अख्खी पिढी या अंकांतून वर आली. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला, त्याचीच चर्चा आजवर जास्त होते. जाळण्यापेक्षा या मंडळींनी काढलेले अंक मला जास्त महत्त्वाचे वाटतात. निषेध एका संध्याकाळचा असतो; अंक काढायला पैसे जमवावे लागतात, मुद्रिते तपासावी लागतात, पाकिटांवर पत्ते घालावे लागतात.

पैशांचे म्हणाल तर हिशेब साधा होता. पगारातून, मित्रांच्या खिशातून काही रक्कम उभी राही, ती संपेपर्यंत अंक निघे, संपली की बंद. बहुतेक प्रती मित्रांकडे, दुसऱ्या गावच्या कवींकडे, दुसऱ्या अनियतकालिकांच्या संपादकांकडे जात. विक्रीवर कोणाचे पोट नव्हते, म्हणून विक्रीसाठी काही घालावे किंवा गाळावे लागत नव्हते. या अंकांचे जे काही स्वातंत्र्य होते त्याचे मूळ इथे आहे. ज्याला अंक आवडे तो पुढच्याला देई. आजही जुन्या माणसांच्या कपाटातल्या प्रतींवर दोन-दोन, तीन-तीन वाचकांची नावे आढळतात.

बडोद्याचा उल्लेख पुन्हा करायचा तो ‘वृश्चिक’साठी. १९६९ ते १९७३ या काळात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या दोन चित्रकारांनी हे छोटे इंग्रजी पत्र चालवले. लिनोवर कोरलेली चित्रे, कविता, लोककलांवरची टिपणे आणि भारतातल्या कलासंस्थांच्या कारभारावर बिनधास्त टीका, असा त्याचा ऐवज होता. ललित कला अकादमीच्या कारभाराविरुद्ध १९७१ च्या सुमारास चित्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा ‘वृश्चिक’ त्यांच्या बाजूने उभे राहिले. संतकवितेवरचा त्याचा अंक तर आपल्या दृष्टीने विशेष, कारण कोलटकरांनी केलेली मराठी संतांची भाषांतरे त्यात आली. चित्रकारांनी काढलेल्या पत्रात जनाबाई आणि मुक्ताबाई यांना मानाचे पान मिळाले, हे त्या काळच्या कुठल्याही विद्यापीठीय संशोधनपत्रिकेपेक्षा धाडसाचे होते.

आता गाण्याकडे येतो, आणि इथे या संस्थेचे अपुरेपण सांगितले पाहिजे.

कविता आणि चित्र यांना अनियतकालिकांनी जवळ केले, संगीताला नाही. संगीताला नियतकालिके नव्हती असे नव्हे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लाहोरच्या गांधर्व महाविद्यालयातून ‘संगीतामृतप्रवाह’ काढले होते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ १९४७ पासून चालू आहे. पण ही रागसंगीताची, परीक्षांची, गुरुपरंपरेची नियतकालिके. त्याबाहेरचे गाणे, म्हणजे स्वतः रचून स्वतःच्या खर्चाने लोकांपुढे मांडलेले गाणे, त्याला कुठेच पान नव्हते. एक कारण तांत्रिकही असावे. स्वरलिपीत अक्षरांच्या वर-खाली टिंबे, रेघा, मात्रांची चिन्हे लागतात. ती साध्या खिळ्यांत बसत नाहीत. स्टेन्सिलवर हाताने काढता आली असती, पण कोणी काढली नाहीत.

आणि गंमत अशी की या मंडळींचे गाण्याशी नाते होते. कोलटकरांनी अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकण्यात वर्षे घालवली. बळवंतबुवा या भजनी गायकाशी त्यांची दाट मैत्री होती. सत्तरीच्या दशकात त्यांनी इंग्रजीत गाणी रचून, वादक जमवून ध्वनिमुद्रण केले. रॉक आणि ब्लूजच्या वळणाची ती गाणी तबकडीवर कधीच आली नाहीत. एकाच माणसाच्या अंगात भजन, पखवाज आणि अमेरिकन ब्लूज नांदत होते, आणि त्याच्याच मित्रांच्या अंकांत त्यातल्या एकावरही धड लेख नव्हता. इंग्रजीत तरी १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादेहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले; मुंबईच्या धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा सोहळा भरू लागला होता, त्या गाणाऱ्यांना या पत्रातून वाचक मिळाले. मराठीत असे पत्र निघाले नाही. आता स्वदेसी हा मुंबईचा रॅप-समूह मराठीत गातो, आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर या आदिवासी कलावंताला बरोबर घेऊन ‘वारली रिव्होल्ट’सारखे गाणे काढतो, तेव्हा त्यांची मराठीत गंभीर समीक्षा करणारे पान शोधावे लागते.

हे झाले मुंबईचे. आपल्याकडे तर याहून जुने आणि याहून स्वतंत्र संगीत आहे. शक्ती-तुऱ्याच्या जाखडीत दोन पक्ष उभे राहतात, एक शक्तीचा मोठेपणा मांडतो, दुसरा शिवाचा. गण होतो, गवळण होते, आणि मग सवाल-जवाबाला तोंड फुटते. मधे ढोलकीवाला, झांजवाला आणि शाहीर बसलेले, भोवती पायांत चाळ बांधलेली मुले गोल धरून नाचताहेत. शाहिराने प्रतिपक्षाच्या सवालाला त्याच चालीत, त्याच बैठकीत उत्तर द्यायचे. गौरी-गणपतीत वाडीवर उभी राहिलेली ही बारी चाकरमान्यांबरोबर मुंबईला गेली आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात तिकीट लावून होऊ लागली. शिमग्यातले खेळे आणि नमनही त्याच वाटेने गेले. संकासूर मुंबईच्या रंगमंचावर आला. हे सगळे कोणत्याही कंपनीच्या किंवा सरकारच्या आधाराविना. मंडळाने वर्गणी काढायची, शाहिराने गाणी लिहायची, पुढे कॅसेटी भरायच्या आणि आता मोबाइलवर चित्रफिती टाकायच्या. स्वतंत्र संगीत म्हणजे आणखी वेगळे काय असते?

तरीही कुठल्या शाहिराने गुरू कोणता केला, कोणती चाल कुठून आली, कोणत्या सालच्या बारीत कोणता सवाल गाजला, याची नोंद कुठेच छापलेली नाही. गाण्यांच्या वह्या घरोघरी आहेत. त्या वाळवीच्या तोंडी जात आहेत. दरवर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर भीमगीतांच्या पुस्तिका विकल्या जातात, वामनदादा कर्डकांची गाणी अशाच पुस्तिकांनी आणि गळ्यांनी महाराष्ट्रभर नेली. आंबेडकरी समाजाने आपले गाणे छापून ठेवण्याचे जे भान दाखवले, ते जाखडीच्या बाबतीत आपल्याला दाखवता आलेले नाही. हे मला मनापासून लागते.

चित्रकलेची बाजू त्यामानाने बरी म्हणायची, आणि तिचे श्रेय मोठ्या प्रमाणात सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दृश्यकलेला वाहिलेला हा वार्षिक अंक सुरू झाला, मध्ये बंद पडला आणि नव्या शतकात पुन्हा निघाला. जे. जे. मध्ये शिकलेल्या आणि वर्तमानपत्रात काम केलेल्या संपादकाने एकट्याच्या जिद्दीवर तो ओढला. चित्रकार वासुदेव गायतोंडे हे नाव सर्वसामान्य मराठी वाचकाला ‘चिन्ह’मुळे ठाऊक झाले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ मध्ये गायतोंड्यांचे मोठे प्रदर्शन भरले, त्याच्या कितीतरी आधीपासून ‘चिन्ह’ त्यांच्याविषयीच्या आठवणी गोळा करत होते. त्यातूनच २०१६ चा ‘गायतोंडे’ हा ग्रंथ उभा राहिला. माणूस बोलत नव्हता, तेव्हा त्याला ओळखणाऱ्यांना बोलते केले, हे या कामाचे मोठेपण.

गायतोंड्यांना जे मिळाले ते सदानंद बाकऱ्यांना मिळाले नाही. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणारे शिल्पकार-चित्रकार बाकरे लंडनमध्ये पंचवीसेक वर्षे काढून परतले आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, मुरूड-हर्णैला येऊन राहिले. २००७ मध्ये तिथेच गेले. भारतीय आधुनिक कलेच्या सहा संस्थापकांपैकी एक तीन दशके दापोली तालुक्यात राहत होता, आणि जिल्ह्यातल्या किती चित्रकला शिक्षकांनी मुलांना ते सांगितले असेल? जिल्ह्यात कलेचे एखादे पत्र असते तर त्याचा प्रतिनिधी कधी ना कधी एसटीने हर्णैला उतरला असता. त्यांनी दार उघडले असते की नाही हा प्रश्न वेगळा.

अलीकडच्या काळात ही परंपरा वेगवेगळ्या रूपांनी चालू आहे. कवी-चित्रकार मंगेश नारायणराव काळे यांचे ‘खेळ’ चित्र आणि शब्द यांना एकत्र घेऊन निघते. कणकवलीहून वामन पंडित यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘रंगवाचा’ने कोकणातल्या तालुक्याच्या गावातून रंगभूमीविषयीचे दर्जेदार नियतकालिक चालवता येते हे दाखवून दिले; ते आपल्याला सगळ्यांत जवळचे उदाहरण. पुण्याहून २०१७ पासून आशुतोष पोतदार आणि त्यांचे सहकारी ‘हाकारा’ हे मराठी-इंग्रजी पत्र इंटरनेटवर विनामूल्य चालवतात. दर अंकाला एक विषय, आणि त्यावर लेखक, चित्रकार, रंगकर्मी सगळे. छपाईचा खर्च गेला, टपालाचा गेला, आणि वाचक जगभर.

टपालाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. अनियतकालिकांचा खरा आश्रयदाता पोस्टखाते होते. बुक पोस्टच्या स्वस्त दराने अंक गावोगाव जात. डिसेंबर २०२४ मध्ये पोस्टाने रजिस्टर्ड बुक पोस्टची सेवा बंद केली, आणि नोंद करून पुस्तके-अंक स्वस्तात पाठवण्याची तेव्हाची सोय संपली. लहान प्रकाशकांना आणि वाचकांना हा फटका बसला. पण देवरूखातून निघणाऱ्या पत्राला सुरुवातीला पोस्टाची गरजच नाही. एसटी स्टँड, ग्रंथालय, महाविद्यालय, कलासंग्रहालय, केस कापायची दुकाने, आणि गणपतीत येणाऱ्या चाकरमान्याच्या हातात परतताना एक गठ्ठा. वाटप एवढ्यावर भागते.

तर पहिल्या अंकात काय असावे, याचा माझ्या मनातला आराखडा मांडतो. एका जाखडीच्या शाहिराची सविस्तर मुलाखत, त्याच्या वहीतल्या दोन सवालांसह, चाल कशी लावायची त्याच्या खुणा देऊन. बाकऱ्यांवर एक लेख. मुखपृष्ठावर कलामहाविद्यालयाच्या विद्यार्थ्याचा लिनोकट, जसा ‘वृश्चिक’मध्ये असे, आणि तो प्रत्येक प्रतीवर हाताने उमटवलेला. तालुक्यात निघालेल्या नमन आणि जाखडीच्या कॅसेटींची यादी, गायकाचे नाव, वादकांची नावे, साल. कलासंग्रहालयातल्या एकाच चित्रावर दोन पाने, ते चित्र समोर उभे राहून तासभर पाहिलेल्या माणसाने लिहिलेली. आणि शेवटच्या पानावर येत्या शिमग्यात कोणत्या वाडीत कोणाचे खेळे कधी आहेत त्याचे वेळापत्रक. कागद साधा, पाने सोळा, किंमत काही नाही.